आवाजावर जाऊ नका, नेक पकडून बघा

(वाचकांचे प्रश्न, गिटारवाल्यांची उत्तरं)

प्रश्न : ओळखीच्या डीलरमुळे वाद्यांच्या ट्रेड शोचा एका दिवसाचा पास मिळालाय. मी हौशी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, पुढची गिटार तिथेच बघून ठरवावी म्हणतोय. एवढ्या गिटार एका जागी असतील तर नेमकं काय बघू?

मजा आहे राव तुमची! पण आधीच सांगून ठेवतो, तिथल्या आवाजावरून काहीही ठरवू नका. एका बाजूला ड्रमवाले, मागे कुणीतरी सुसाट सोलो मारतोय, समोर बेसवाला स्लॅप करत बसलाय, आणि या सगळ्यात आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून तुम्ही अँपचा नॉब वर नेता, की झालं, गिटार एकदम भारी वाटायला लागते. खरं तर ती नुसती मोठ्याने वाजत असते. आवाज वाढला की कानाला खर्जाचे आणि अगदी वरचे सूर जास्त भरून ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवलंय. त्यात अँप त्यांचा, पेडलं त्यांची, सेटिंग त्यांच्याच माणसाने लावलेलं. तुमच्या घरच्या अँपवर काय वाजणार ते यातून कळतच नाही.

त्यामुळे हाताला जे कळतं तेवढंच तपासा, हॉलमध्ये कितीही गोंगाट असला तरी ते बदलत नाही. आधी नेक, म्हणजे गिटारची लांब दांडी. अंगठा मागे टेकवून पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बाराव्यापर्यंत हात नुसता सरकवत न्या, काही वाजवू नका. नेक जाड की पातळ हा आवडीचा भाग झाला, पण कडेला फ्रेटची टोकं बोटाला टोचतायत का ते बघा. कोरड्या हवेत फिंगरबोर्डचं लाकूड आक्रसतं, धातूचा फ्रेट तेवढाच राहतो, मग टोकं बाहेर येतात. मग डाव्या हाताने जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा, उजव्या हाताचं बोट नेक जिथे बॉडीला जोडलाय तिथे त्याच तारेवर दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये किती फट आहे ते बघा. पातळ कागद जाईल एवढी असली तर बरं. तार चिकटूनच बसलेली असेल किंवा फट फारच मोठी असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक बदलणारी आतली सळई) फिरवावा लागेल, तो बहुतेक वेळा सहज फिरतो, म्हणजे तेवढ्यासाठी गिटार नापास करू नका. फ्रेट वरखाली असतील तर मात्र सोडा, ते काम खर्चाचं.

आणि एक गंमत करून बघा. गिटारची केबल काढा, बॉडीच्या वरच्या शिंगाला, म्हणजे बाहेर आलेल्या टोकाला, कान लावा, नाहीतर जबडा हलकेच टेकवा आणि एक कॉर्ड मारा. आवाज हाडातून येतो, बाहेरचा गोंगाट बराच मागे पडतो आणि कुठली तार झणझणतेय, कुठली लगेच मरतेय ते स्वच्छ कळतं. लोक वेड्यासारखे बघतात, बघू देत.

ट्यून करताना नटपाशी, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तिथे, ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकतेय. पण बेंड मारल्यावर, म्हणजे तार बोटाने ओढून सूर चढवल्यावर, गिटार बेसूर झाली म्हणून लगेच नावं ठेवू नका, शोमधल्या तारा बऱ्याचदा नव्याकोऱ्या असतात, अजून ताणून बसलेल्या नसतात.

राहता राहिला कानांचा प्रश्न. 85 डेसिबलला आठ तास हा साधारण सुरक्षित हिशोब धरतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं. इअरप्लग खिशात ठेवा, आणि ज्या गिटार मनात आहेत त्या सकाळीच उरका. दुपारनंतर सगळ्याच सारख्या वाटतात.

प्रश्न : अशा शोमध्ये सामान्य माणसाला प्रवेश का नसतो? आणि आवडलेली गिटार तिथेच विकत घेता येते का?

सगळीकडे बंदी नसते, पण मुळात हा बाजार बनवणारे आणि विकणारे यांच्यातला. अमेरिकेतली ‘नॅम’ ही संस्था 1901 मध्ये व्यापाऱ्यांनीच सुरू केली, तिचा ॲनहाइमचा शो आजही प्रामुख्याने या धंद्यातल्या लोकांसाठी आहे. डीलर ऑर्डरी देतात, माल नंतर येतो. नवीन गोष्टी मात्र तिथे आधी दिसतात, 1983 च्या जानेवारीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर मिडीने (इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडायच्या पद्धतीने) जोडून पहिल्यांदा तिथेच वाजवून दाखवले होते.

भिंतीवर टांगलेली गिटार ही बहुतेक वेळा निवडून, नीट सेटअप करून आणलेला नमुना असते हे लक्षात ठेवा. तुमच्या हातात पडणारा पीस वेगळा असेल, त्यामुळे मॉडेल तिथे ठरवा, पण प्रत्यक्ष पीस घेताना वरचं सगळं पुन्हा तपासा.

प्रश्न : दोन गिटारवर सेम गेजच्या (जाडीच्या) तारा, सेम ट्यूनिंग, तरी एकीवर बेंड सोपा जातो आणि दुसरीवर बोटं दुखतात. असं का?

स्केल लेंग्थ, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. फेंडरच्या स्ट्रॅटची साडेपंचवीस इंच, गिब्सनच्या लेस पॉलची नावापुरती पावणेपंचवीस. पाऊण इंच ऐकायला काहीच नाही, पण तोच सूर काढायला लांब स्केलवर साधारण 6 टक्के जास्त ताण लागतो. पीआरएसच्या बऱ्याच गिटार मधल्या 25 इंचांच्या आहेत. शोमध्ये या तिन्ही लागोपाठ हातात घ्या, दहा व्हिडिओ बघून कळत नाही ते पटकन कळेल.

प्रश्न : स्टॉलवर गिटार मागायला संकोच वाटतो. मी काही फार चांगलं वाजवत नाही.

तिथल्या माणसांना सगळ्यात जास्त वैताग चांगलं वाजवणाऱ्यांचाच येतो, विश्वास ठेवा. विचारून गिटार उतरवून घ्या, जॅकेटची चेन आणि बेल्टचं बक्कल मागच्या बाजूला घासणार नाही याची काळजी घ्या, ट्यूनिंग विचारल्याशिवाय बदलू नका, चार कॉर्ड वाजवा, रांग असेल तर द्या पुढच्याला. बस.

प्रश्न : रोझवुडची गिटार परदेशातून आणताना अडवतात असं ऐकलं. खरंय?

आता बरंच सैल झालंय. 2017 मध्ये डालबर्जिया, म्हणजे रोझवुडच्या गटातली सगळी झाडं साइट्स कराराच्या (दुर्मीळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या यादीत टाकली होती तेव्हा कागदपत्रांचा फार गोंधळ झाला, मग 2019 च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून वगळलं. ब्राझिलियन रोझवुडला मात्र ही सूट नाही, ते 1992 पासून पहिल्याच, सगळ्यात कडक यादीत आहे. त्यामुळे कुणी जुनी ब्राझिलियन रोझवुडची गिटार दाखवली तर आधी परवान्याचे कागद मागा, ते नसतील तर तिथेच वाजवून परत द्या.