युगांडातल्या भारतीयांनी वेळेवर नागरिकत्व घेतलं असतं तर १९७२ मध्ये ते वाचले असते का?

म्हणजे तिथल्या हुकूमशहा इदी अमीननं भारतीय वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं, त्यातून. कागदावर हो, प्रत्यक्षात नाही. तुम्ही पुढे असंही विचारलंय की "देश त्यांचा, धंदा आपल्या लोकांच्या हातात, मग चूक आपल्याच लोकांची नाही का?", त्याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी इतिहासाचा माणूस नाही, बँकेत नोकरी केली, आता रिटायर आहे. पण बडोद्यात कारेलीबागेत आमच्या खालच्या मजल्यावर युगांडातल्या जिंजा गावाहून आलेलं, मूळ गुजरातेतल्या चरोतरचं एक कुटुंब राहायचं, त्यामुळे हे सगळं लहानपणापासून कानावर पडलेलं. काकी शेंगदाण्याला जुगु म्हणायच्या आणि पातेल्याला सुफुरिया, आणि आमची आई हसायची की ही कुठली गुजराती. काका म्हणायचे, तिथल्या भाषेत दुकानाला दुका म्हणतात, ते आपल्याच शब्दावरून आलंय, आम्ही दुसरं काही नाही तरी एवढं देऊन आलो.

आधी एक गैरसमज. ब्रिटिशांनी रेल्वे बांधायला मजूर नेले, तेच पुढे दुकानदार झाले, असं सगळे समजतात. १८९६ ते १९०१ मध्ये साधारण ३२ हजार मजूर नेले हे खरं, पण ते बरेचसे पंजाबातले, आणि त्यातले बहुतेक परत आले, अडीच हजारांच्या आसपास तिकडेच मेले. आणि नाव युगांडा रेल्वे असलं तरी ती गाडी तेव्हा किसुमूपर्यंतच गेली, म्हणजे आजच्या केनियातच. दुकानं टाकली ती मागून स्वतःच्या तिकिटानं गेलेल्या गुजरात्यांनी. नानजी कालिदास मेहतांनी लुगाझीला साखर कारखाना काढला, मुळजीभाई माधवानींनी काकिराला, ही मोठी नावं, बाकी काकांच्या वडिलांसारखे मीठ, रॉकेल, कापड विकणारे.

आता मुख्य गोष्ट. लोक म्हणतात भारतीय हुशार म्हणून धंदा त्यांच्याकडे गेला. हुशार असतील हो, पण कापसाचं बघा ना. शेतकरी आफ्रिकन, सरकी काढायची जिनिंग फॅक्टरी भारतीयाची किंवा गोऱ्याची, वर सरकार गोऱ्याचं. लायसन कुणाला द्यायचं ते सरकार ठरवणार, शेतकऱ्यानं पिकवलेला कापूस त्याला स्वतः जिनिंग करून विकता येत नव्हता. १९४९ मध्ये युगांडातल्याच बुगांडा भागात दंगल झाली तेव्हा मागण्यांमध्ये हीच एक मागणी होती, आमचा कापूस आम्हाला जिन करू द्या. म्हणजे बघा, शेतकऱ्याला रोज दिसतो कोण? तराजू धरलेला भारतीय. लंडनमध्ये बसलेला माणूस त्याला दिसतच नाही, मग राग कुणावर काढणार. १९५९ मध्ये परक्यांच्या दुकानांवर बहिष्कार पडला, तो महिनोनमहिने चालला, खेड्यातली दुकानं तेव्हाच बंद व्हायला लागली. काका म्हणायचे, आम्हाला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

पण म्हणून आपल्या लोकांना दुधानं धुतलेलं म्हणू नका. काकींच्या घरी पन्नाशीचा आफ्रिकन नोकर होता आणि त्याला सगळे "बॉय" म्हणायचे, हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना त्यांना काही वाटायचं नाही, हे जास्त वाईट. शाळा वेगळ्या, क्लब वेगळे. मुनीम गावाकडून बोलावणार, तिथल्या पोराला हिशेब शिकवणार नाही.

तर नागरिकत्व. ९ ऑक्टोबर १९६२ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नियम असा की तुम्ही युगांडात जन्मलेले आणि आई किंवा वडील पण तिथेच जन्मलेले असतील तर आपोआप नागरिक. बाकीच्यांना दोन वर्षांत अर्ज करायचा, आणि ब्रिटिश नागरिकत्व सोडल्याचा कागद ठरलेल्या मुदतीत द्यायचा. बऱ्याच घरांनी काय केलं, तर एका मुलानं युगांडाचा पासपोर्ट घेतला, वडिलांनी ब्रिटिश ठेवला, म्हणजे काहीही झालं तरी एक दार उघडं. व्यापारी माणूस सगळे पैसे एकाच पेढीत ठेवत नाही तसं. आफ्रिकन लोकांना हेच खुपलं की हे एक पाय बाहेर ठेवून बसलेत. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं.

आणि तो ब्रिटिश पासपोर्ट तरी कुठे खरा. केनियातून भारतीय लोक ब्रिटनला यायला लागल्यावर लंडनच्या पार्लमेंटनं १९६८ मध्ये तीन दिवसांत कायदा केला, की आई-वडील किंवा आजी-आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले नसतील तर पासपोर्ट असला तरी सरळ येता येणार नाही. म्हणजे कुणाचं रक्त गोरं ते बघा, फक्त शब्द तसे लिहिले नाहीत. इकडे युगांडात १९६९ मध्ये ट्रेड लायसनिंगचा कायदा आला, नागरिक नसलेल्यांनी ठरावीक भागातच धंदा करायचा. बघा, तेच हत्यार, लायसन. इंग्रजांनी एका वंशासाठी वापरलं, यांनी दुसऱ्यासाठी. आणि हे अमीनच्या आधीचं, आधीचा राष्ट्राध्यक्ष ओबोटे याच्या काळातलं, हे लोक विसरतात.

मग १९७१ च्या शेवटी अमीननं अडकून पडलेले साधारण १२ हजार अर्ज रद्दच करून टाकले. ज्यांनी मुदतीत अर्ज केले होते आणि ज्यांची फाईल सरकारच्याच टेबलावर धूळ खात होती, त्यांचे! ४ ऑगस्ट १९७२ ला ९० दिवसांची घोषणा झाली, म्हणे स्वप्नात देवानं सांगितलं. आधी ब्रिटिश पासपोर्टवाले, मग भारत-पाकिस्तानचे, मग म्हणाला नागरिक असलात तरी जा, काही दिवसांत ते मागे घेतलं. पण मागे घेऊन काय उपयोग, कारण आता प्रत्येकानं कंपालात रांगेत उभं राहून नागरिकत्व सिद्ध करायचं. साधारण ८० हजार भारतीय वंशाचे लोक, त्यातल्या २३ हजारांचे अर्ज आधीच मंजूर झालेले, तरी त्या रांगेत कितीतरी जणांचे कागद फालतू कारणांवरून बाद केले.

काकांचे मोठे भाऊ त्यातलेच. अर्ज वेळेत, मंजुरी मिळालेली, फक्त ब्रिटिश नागरिकत्व सोडल्याच्या कागदावरची तारीख मुदतीनंतरची निघाली, काही आठवड्यांनी. आठ वर्षं कुणी विचारलं नव्हतं. काऊंटरवरच्या माणसानं कागद बाजूला ठेवला आणि पुढच्याला बोलावलं. काका सांगायचे तेव्हा दरवेळी गुजरातीत एकच वाक्य म्हणायचे, "कागळियां तो बधां हतां." कागद तर सगळे होते.

ब्रिटननं शेवटी २७-२८ हजार घेतले, कॅनडानं सहा हजारांवर, भारतात साडेचार हजारांच्या आसपास आले. बरोबर न्यायला पन्नासेक पौंड. भाऊ इंग्लंडमधल्या लेस्टरला गेले, जिथल्या कौन्सिलनं युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली होती की कृपया आमच्याकडे येऊ नका. काका बडोद्याला आले.

इथं माझ्या घरचं थोडं सांगतो, कारण मला हे प्रकरण त्याच्यामुळेच जास्त लागतं. माझे आजोबा बडोदा संस्थानच्या हुजूर कचेरीत कारकून. आम्ही मराठी माणसं इथं गायकवाडांच्या मागून आलेली, सरकारी नोकऱ्या आमच्या, बाजार गुजरात्यांचा, वाटणी अशीच. मे १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९६० मध्ये गुजरात वेगळं झालं, तेव्हा आजी रोज विचारायची म्हणे, आता आपल्याला जा म्हणतील का? कुणी म्हटलं नाही. आजोबांना दोन वर्षांत कुठला अर्ज करावा लागला नाही, कुठलं काही सोडल्याचा कागद द्यावा लागला नाही. घटनेत लिहिलेलं होतं की देशात कुठेही राहा, कुठलाही धंदा करा, आणि सरकारी नोकरीत जन्मस्थानावरून भेदभाव नाही. आमचं बस्तान हळूहळू गेलंच, मराठी शाळांचे वर्ग रिकामे झाले, पण कुणी दाराशी येऊन तारीख तपासली नाही. (मुंबईत भूमिपुत्रांच्या घोषणा चालतात तेव्हा आम्ही बडोदेकर खुर्चीत जरा चुळबुळतो, ते याच्यामुळेच.)

युगांडात मागे राहिलेल्या मालमत्तेचं काय झालं, तेही सांगतो, हो, परत मिळाली, पण सगळ्यांना नाही. १९८२ मध्ये तसा कायदा झाला आणि खरं काम नंतरचे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांच्या काळात, नव्वदच्या दशकात झालं. मेहता-माधवानींचे कारखाने परत उभे राहिले. काकांना काही नाही, कारण दुकान भाड्याचं आणि घर भावाच्या नावावर, भाऊ तोवर वारलेले, वारसांच्या सह्या जमल्या नाहीत. ज्याच्याकडे वकील आणि विमानाचं तिकीट त्याचा हक्क जिवंत, हे बँकेत मी रोज बघितलंय.

आणि आजचं? १९९५ च्या युगांडाच्या घटनेत जन्मानं नागरिक कोण ते ठरवायला मूळ जमातींची यादी जोडलीय, १ फेब्रुवारी १९२६ ला तिथं असलेल्या. भारतीय १९२६ च्या आधीपासून तिथं होते तरी त्या यादीत नाहीत, नोंदणी करून नागरिक होता येतं तेवढंच. शेजारच्या केनियानं २०१७ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांना ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. २००७ मध्ये माबिरा जंगलाची जमीन साखर कारखान्याला उसासाठी द्यायच्या प्रस्तावावरून कंपालात मोर्चा निघाला आणि त्यात एका भारतीयाला जमावानं मारलं, त्याचा त्या कारखान्याशी काही संबंध नसताना.

काकांचा नातू आता कंपालात हार्डवेअरच्या धंद्यात आहे, वर्क परमिटवर. दिवाळीला आला होता तेव्हा मी विचारलं, तिथलं नागरिकत्व घेणार का रे? म्हणाला, "अंकल, त्यासाठी इंडियन पासपोर्ट सोडावा लागतो ना, सध्या तरी राहू दे."