स्टॉपलॉस लावूनही शॉर्टमध्ये ठरवल्यापेक्षा जास्त तोटा का होतो? ब्रोकर बदलावा का?

स्टॉपलॉस (तोटा ठरावीक भावाला थांबवणारी ऑर्डर) लावलेला असतानाही आपला शॉर्ट, म्हणजे हाती नसताना आधी विकलेला शेअर, ठरलेल्या भावाला कव्हर झाला नाही, म्हणजे परत विकत घेता आला नाही, आणि म्हणून ब्रोकर बदलावा का, असे आपण विचारले आहे. एसएल, म्हणजे स्टॉपलॉस ऑर्डर ट्रिगर लागल्यावर (आपण ठरवलेला भाव येताच) साधी लिमिट ऑर्डर होते, म्हणजे ठरवलेल्या कमाल भावापर्यंतच खरेदी करते, आणि भाव एका उडीत लिमिटच्या वर गेला तर ती तशीच पडून राहते. यात ब्रोकरचा दोष नाही. ब्रोकर मुद्दाम स्टॉपलॉस उडवतात, ही तक्रार मला कधीच पटलेली नाही. त्यांचा खरा दोष दुसरीकडे असतो आणि तो ते मान्य करत नाहीत.

मी एक शेअर इंट्राडेमध्ये, म्हणजे त्याच दिवशी परत घेण्याच्या बोलीवर, शॉर्ट केला होता. दुपारी त्यात अचानक मोठी खरेदी आली आणि शेअर अपर सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या कमाल भावमर्यादेला लागला. अशा वेळी विकणारे जवळजवळ नसतात, खरेदीदारांची रांग मात्र वाढत जाते, आणि एकाच भावाच्या ऑर्डरींमध्ये जी आधी आली तिला एक्स्चेंजवर आधी माल मिळतो. म्हणून सर्किट लागताच मी त्याच भावाची खरेदीची ऑर्डर टाकली. माझ्यापुढे किती खरेदी उभी आहे, हे मार्केट डेप्थमध्ये (प्रत्येक भावाला उभ्या असलेल्या ऑर्डरींच्या यादीत) दिसत होते आणि त्याचा स्क्रीनशॉट मी घेऊन ठेवला. मधूनमधून माल सुटत होता, म्हणजे रांग पुढे सरकत होती. सव्वातीनच्या सुमारास ब्रोकरच्या यंत्रणेने इंट्राडे पोझिशन आपोआप बंद करायला, म्हणजे स्क्वेअर-ऑफ करायला घेतल्या. त्यासाठी तिने आधी माझी उभी ऑर्डर रद्द केली आणि तेवढ्याच शेअरांची नवी ऑर्डर स्वतः पाठवली. ती रांगेच्या अगदी शेवटी गेली. बाजार बंद होईपर्यंत त्या भावाला झालेले सौदे माझ्यापुढच्या मूळ खरेदीपेक्षा आणि माझ्या शेअरांपेक्षा मिळूनही जास्त होते, म्हणजे माझी ऑर्डर जागेवर राहिली असती तर ती निश्चितच पूर्ण झाली असती.

पुढे शेअर लिलावात गेले. शॉर्ट कव्हर न झाल्यास क्लिअरिंग कॉर्पोरेशन (सौद्यांची देवाणघेवाण पुरी करणारी संस्था) खरेदीदाराला द्यायला लिलावातून शेअर घेते आणि तिथेही ते मिळाले नाहीत तर क्लोज-आउट होतो, म्हणजे शेअरांऐवजी पैशांत हिशेब मिटवला जातो, ज्यात भाव लिलावाच्या दिवसाच्या बंद भावाहून २० टक्के चढासुद्धा लागू शकतो. ब्रोकरच्या प्रतिनिधीचे म्हणणे एकच होते, की ही बाजाराची जोखीम आहे आणि करारात तसे नमूद आहे. भाव चढणे ही बाजाराची जोखीम आहे, हे मीही मानतो. परंतु योग्य भावाला उभी असलेली ग्राहकाची ऑर्डर रद्द करून तीच पुन्हा पाठवणे ही ब्रोकरची स्वतःची कृती आहे, आणि तिचा तोटा ग्राहकाच्या माथी मारण्याचा त्याला अधिकार नाही. बाजार नियामक सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार केल्यानंतर ब्रोकरने स्क्वेअर-ऑफचे शुल्क परत केले. लिलावातला तोटा मात्र माझ्याच खात्यावर राहिला. त्यांची कृती योग्यच होती, तर शुल्क परत का केले, याचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही.

तेव्हा ब्रोकर बदलायचा असेल, तर नव्या ब्रोकरला दलालीच्या दराआधी हे लेखी विचारा, की स्क्वेअर-ऑफच्या वेळी ग्राहकाची उभी ऑर्डर रद्द होते की राहते. सध्याच्या ब्रोकरकडून वेळेसह ऑर्डर लॉग मागवा. आपली ऑर्डर केव्हा ट्रिगर झाली आणि केव्हा रद्द झाली हे त्यात दिसेल, आणि झालेले सौदे एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतील.

हे सर्व ठरावीक सर्किट असलेल्या शेअरांबद्दल आहे, हे सांगायला हवे. ज्यांचे फ्युचर्स-ऑप्शन्स चालतात त्या शेअरांना असे पक्के सर्किट नसते. त्यांचा १० टक्क्यांचा पट्टा अटी पूर्ण झाल्यावर पुढे सरकवला जातो, त्यामुळे शॉर्ट सहसा अडकत नाही. मी आता फक्त त्याच शेअरांमध्ये शॉर्ट करतो. आपला प्रश्न ऑप्शन विकण्याबद्दल असेल, तर एनएसईने (राष्ट्रीय शेअर बाजाराने) तिथे एसएल-एम ऑर्डर, म्हणजे ट्रिगर लागताच मिळेल त्या भावाला जाणारी स्टॉपलॉस ऑर्डर, सप्टेंबर २०२१ पासूनच बंद केली आहे, म्हणून ट्रिगर आणि लिमिट यांत पुरेसे अंतर ठेवा.