'मानव' पुल्लिंगी, म्हणून पुरुष?

प्रश्न मिरजेच्या एका शाळेतून आलाय. विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर 'मानव दोन पायांवर चालू लागला' असं लिहिलं, तर बायका वगळल्या जातात का? त्याऐवजी 'व्यक्ती' लिहावं का?

'व्यक्ती' नको. तो शब्द एकेकट्यासाठी आहे, अख्ख्या मानवजातीसाठी नाही. 'व्यक्तीला ३२ दात असतात' म्हटलं की कुणा एकाचं तोंड उघडून मोजल्यासारखं वाटतं. शिवाय 'ती व्यक्ती' कुस्तीतला पैलवानही असू शकते. शब्दाचं लिंग आणि माणसाचं लिंग एक नसतं, ते असं. 'मानव'लाही हेच लागू.

संस्कृत व्याकरणकार पाणिनीने (सूत्र ४.१.१६१) मनूवरून मानवजात या अर्थी 'मानुष' आणि 'मनुष्य' हे शब्द साधले आहेत, 'मानव' म्हणजे मुळात मनूचं अपत्य. 'मानुष'चाच पुढे 'माणूस' झाला. त्यामुळे जातीचा अर्थ त्याच्यात मुरलेलाच आहे. आपल्याकडे 'भांगलायला (तण काढायला) दहा माणसं लावलीत' म्हटल्यावर दहा पुरुष कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत, बहुतेक बायकाच असतात. वेगळं सांगायचंच झालं तर 'गडीमाणूस' आणि 'बाईमाणूस' आहेतच. अनेकवचन तर सरळ नपुंसकलिंगी, 'ती माणसं'. एकवचनात मात्र जपून: 'घरचं माणूस' कुणीही असेल, पण 'तिचा माणूस' म्हणजे नवराच.

खरी अडचण नामात नाही, क्रियापदात आहे. ग्रामपंचायतीच्या नोटिशीत 'सदस्य गैरहजर राहिला तर' लिहिलं की पुरुष ठरला. 'सदस्य गैरहजर राहिल्यास' लिहा, प्रश्न मिटला. 'सदस्याने हजर राहावे', 'सदस्य हजर राहील', 'सदस्यांनी सही केली' यांतही लिंग दिसत नाही, कारण विध्यर्थी 'राहावे' आणि भविष्यकाळ ते दाखवत नाहीत, तर 'ने/नी' लागलं की क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही. 'सदस्य येतात' चालेल. 'आले' म्हटलं की पुन्हा 'आल्या'चा प्रश्न. 'आला/आली' अशी तिरकी रेघ कागदावर खपते, ग्रामसभेत मोठ्याने वाचणाऱ्याची मात्र पंचाईत होते.

आता फलक. 'माणसाच्या पूर्वजांनी दोन पायांवर चालायला सुरुवात केली' असं लिहा. त्यात लिंगाचा पेच नाही आणि विज्ञानही बरोबर: टांझानियातल्या लेटोलीचे पायांचे ठसे सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे 'होमो' ही माणसाची प्रजाती अवतरण्याच्याही आधीचे आहेत.