आईचा व्हिसा, ताईची रजा

पत्र: मी मूळचा सांगलीचा, आता इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं आहे. वडील गेल्या वर्षी गेले. आई ७४ वर्षांची, विश्रामबागला एकटी राहते. गुडघेदुखी, शुगर, बीपी आहे. तरी स्वयंपाक स्वतः करते, भजनी मंडळात जाते. श्रावणात बाथरूममध्ये पाय घसरून पडली, मनगट मोडलं. ताई मिरजेला शिक्षिका आहे, ती येऊन-जाऊन बघते. मला आईला कायमचं इकडे आणायचंय. मित्र म्हणतात, व्हिजिट व्हिसावर आण आणि मग इथूनच अर्ज टाक. आई म्हणते, तू म्हणशील तसं. छोटी खोली रिकामी करून ठेवली आहे. काय करू? — एक मुलगा

उत्तर:

आधी मित्रांचं बघू, कारण ते तुम्हाला गोत्यात आणतील. परावलंबी आईवडिलांसाठी जो व्हिसा आहे, त्याचा अर्ज ब्रिटनच्या बाहेरूनच करावा लागतो. पाहुणी म्हणून आत यायचं आणि मग तो टाकायचा, अशी सोय नाही. शिवाय 'परत जाणार' असं लिहून द्यायचं आणि मनात राहायचं ठेवायचं, म्हणजे या वयात आईला विमानतळावर खोटं बोलायला लावायचं. हे नको.

सरळ मार्ग आहे, पण जुलै २०१२ पासून तो जवळजवळ नावापुरता उरला आहे. अंघोळ, कपडे, जेवण अशा रोजच्या गोष्टींसाठी आईला दुसऱ्याची मदत लागते, ती यापुढेही लागत राहणार आहे आणि तशी मदत भारतात मिळत नाही किंवा तुम्ही पैसे पाठवूनही परवडत नाही, हे सगळं कागदांनिशी सिद्ध करायचं. नुसत्या एकटेपणावर भागत नाही. लोक याविरुद्ध कोर्टात गेले होते. २०१७ मध्ये अपील कोर्टाने नियम कायम ठेवला.

आता तुमची केस बघा. आई भजनाला जातात. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव शेजारी आहे. तुमचा पगार पौंडात, आणि तो जितका चांगला तितकी तुमची बाजू लंगडी, कारण मग सांगलीत बाई ठेवणं तुम्हाला परवडतं. थोडक्यात, मुलाकडे चार दिवस सुखाने राहू शकेल अशा आईला व्हिसा नाही, आणि जिला मिळेल तिला विमानात बसवायचं कसं हा प्रश्न. (नियम लिहिणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.)

'अर्ज करून तर बघू' असं मनात असेल तर थांबा. फी तीन हजार पौंडांच्या वर आहे आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे तो नकार पुढच्या प्रत्येक अर्जात सांगावा लागतो. कायमचं राहायला मागणारी बाई उद्या 'दोन महिने नातवंडांना भेटायला येते' म्हणाली, तर अधिकारी विश्वास कशाला ठेवेल? आज उघडं असलेलं दारही बंद व्हायचं.

अर्ज केलाच, तर अधिकारी आणखी एक गोष्ट बघेल: सांभाळायला तिथे जवळचं कोण आहे? मुलगी, मिरजेला. तुमच्या एवढ्या पत्रात ताईंच्या वाट्याला एकच वाक्य आलंय. मनगट मोडलं तेव्हा प्लास्टरला कोण घेऊन गेलं, रात्री सोबत कोण झोपलं, वेणी कोणी घातली, दुसऱ्या दिवशी शाळेत पहिल्या तासाला कोण उभं राहिलं, यातलं काहीच त्यात नाही. तुमची ओढ खरी आहे, शंका नाही. पण वडील गेल्यापासून हे घर ताई चालवताहेत, आणि तुम्ही आईला तिकडे न्यायचं ठरवताना त्यांना विचारल्याचं मला कुठे दिसलं नाही. (पत्नीचंही मत दिसलं नाही, पण ते तुम्ही घरातल्या घरात निस्तरा.)

छोट्या खोलीबद्दलही एक. तुमच्याकडच्या बऱ्याच घरांत बाथरूम वरच्या मजल्यावर आणि शॉवर टबात असतो. तुमचं तसं असेल, तर गुडघे दुखणाऱ्या बाईने रोज जिना चढायचा आणि टबाच्या काठावरून पाय उचलून आत उतरायचं. एकदा बाथरूममध्ये पडलेल्या बाईने! तुम्ही दोघं कामावर असाल तेव्हा हाक मारायला कोणी नाही.

मग करायचं काय? आईंना भेटीसाठीच बोलवा, मे ते ऑगस्ट, उजेडाच्या दिवसांत. व्हिसा अनेक वर्षांचा मिळू शकतो, पण एका खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि लागोपाठ फेऱ्या मारल्या की ही इथेच राहते असा संशय येतो. विमा घ्या. त्यात जुनी दुखणी धरली आहेत का ते वाचून बघा, कारण पाहुण्याला इस्पितळात दाखल करावं लागलं तर एनएचएस, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा, दीडपट दराने बिल लावते.

सांगलीच्या घरात याच महिन्यात बाथरूमला दांड्या, खरबरीत फरशी, कमोड. दिवसा एक बाई आणि रात्री सोबतीला एक. पगार तुमच्या खात्यातून थेट त्यांना जाऊ दे, ताईंच्या हातून नको. नाहीतर बाईने दांडी मारली की जाब विचारण्याचं कामही त्यांच्याच गळ्यात. डॉक्टरांचे सगळे कागद एका फाइलमध्ये तारखेनुसार लावा. उद्या प्रकृती खरंच ढासळली, तर तोच पुरावा लागेल, आणि मग चांगला इमिग्रेशन वकील गाठा.

ताईंना पैसे देऊ केलेत तर रागावतील. त्यांना सुट्टी द्या. वर्षातून एकदा तीन-चार आठवडे तुम्ही एकट्याने सांगलीला येऊन राहा, शुगरच्या गोळ्या, डबा, दवाखाना सगळं अंगावर घ्या, आणि ताईंना त्या दिवसांत विश्रामबागला फिरकूही देऊ नका. बिनपगारी रजा मागावी लागली तर मागा. तिकीट मात्र त्यांना विचारूनच काढा. शिक्षिका आहेत, मार्च-एप्रिलच्या परीक्षांत आलात, तर त्यांना कुठे जाता यायचं नाही.