घर घेतलं आणि वाळवी निघाली, खर्च कोणाचा?

प्रश्न : रत्नागिरी तालुक्यात आम्ही जुनं कौलारू घर घेतलं. खरेदीखत होऊन तीन महिने झाले. माजघराचं प्लायवूडचं सिलिंग काढलं, तर वरचे वासे आणि एक तुळई वाळवीनं पोखरलेली. सुतार म्हणतो, ही कीड दोन-तीन वर्षांची आहे. सिलिंग मात्र विक्रीच्या महिनाभर आधीच ठोकलेलं. पैसे कोणाकडे मागायचे?

उत्तर : विकणाऱ्याकडे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साध्या काळजीनं पाहूनही न दिसणारा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. तो न सांगणं कायदा कपट मानतो. तुमच्या बाबतीत सगळं त्या सिलिंगवर अवलंबून आहे. वाळवी उघड्यावर असती, भिंतीवर मातीचे माग दिसत असते, तर ‘तुम्ही घर पाहूनच घेतलंत’ हे त्याचं उत्तर टिकलं असतं. पण जाणूनबुजून झाकणं ही नुसती गप्प बसण्यापेक्षा गंभीर गोष्ट आहे. करार अधिनियम, 1872 चं कलम 17 तिला थेट कपटात मोजतं.

खरेदीखतात ‘घर आहे त्या स्थितीत घेतले’ असं वाक्य असेल, तरी खचून जाऊ नका. दोष सांगण्याचं कर्तव्य करारानं कमी करता येतं, हे खरं. पण झाकाझाकीला असं वाक्य संरक्षण देत नाही.

आता घाईनं वासे बदलू नका, ही माझी कळकळीची विनंती. पुरावा त्या लाकडातच आहे. आधी फोटो काढा, पेस्ट कंट्रोलवाल्याकडून आणि इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या. सिलिंग ठोकणाऱ्या सुताराला गाठा. काम कधी केलं आणि वर काय दिसलं, हे तोच सांगू शकेल. मग वकिलामार्फत नोटीस द्या. नुकसानभरपाईच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि कपट असेल तर ती कपट उघडकीला आल्यापासून मोजतात. तरी नोटिशीला उशीर नको.

प्रश्न : पुण्यातला फ्लॅट विकतो आहे. चार वर्षांपूर्वी किचनच्या ट्रॉलीत वाळवी झाली होती, ट्रीटमेंट केली, पुन्हा दिसली नाही. सांगायलाच हवं का?

उत्तर : सांगा. ट्रीटमेंटची पावती आणि गॅरंटी कार्ड जोडून द्या आणि साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्री करारात, तशी एक ओळ घाला. किंमत थोडी कमी होईल म्हणून ही गोष्ट दडवणारे अनेक जण पाहिले आहेत. पुढे त्याहून जास्त पैसे वकिलांवर जातात. जे लेखी सांगितलं, त्याबद्दल ‘लपवलं’ असं कोणी म्हणू शकत नाही.

प्रश्न : साठेखत झालं, विसार दिला, खरेदीखत अजून बाकी. मधल्या पावसाळ्यात चौकटींना वाळवी लागली. नुकसान कोणाचं?

उत्तर : ताबा घेतला नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. साठेखतानं मालकी बदलत नाही. शिवाय ताबा देईपर्यंत शहाणा मालक जशी काळजी घेईल तशी विकणाऱ्यानं घ्यायची, असं कलम 55 च सांगतं. दुरुस्ती करून द्या किंवा तेवढी रक्कम किमतीतून वळती करा, असं लेखी कळवा. खरेदीखतानंतर लागलेली वाळवी मात्र तुमची.

प्रश्न : बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटचा ताबा मिळून तीन वर्षं झाली. दारांच्या चौकटी पोखरल्या. सोसायटी म्हणते, तुमचं तुम्ही बघा.

उत्तर : घरातल्या चौकटींसाठी सोसायटीकडे नाही, बिल्डरकडे जा. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरनं तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तो म्हणेल, हा देखभालीचा प्रश्न आहे. म्हणून करारातली स्पेसिफिकेशन्स काढा. पाया भरताना वाळवीप्रतिबंधक ट्रीटमेंट करू, असं लिहिलं असेल, तर ती केल्याचं प्रमाणपत्र मागा. नसेल, तर लाकडाच्या दर्जाबद्दल स्वतंत्र अहवाल लागेल. दाद न मिळाल्यास महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करा. तुम्ही स्वतः करून घेतलेल्या फर्निचरचा यात समावेश होत नाही.

प्रश्न : घराच्या विम्यातून काही मिळेल?

उत्तर : साधारणपणे नाही. आग, भूकंप, वादळ अशा अचानक येणाऱ्या संकटांसाठी तो असतो.

प्रश्न : पुढच्या महिन्यात वाड्यातला एक भाग घेतो आहोत. आधी काय पाहावं?

उत्तर : दिवसाउजेडी जा, सोबत सुतार न्या. जोत्यालगत, न्हाणीमागे आणि चौकटीच्या तळाशी मातीचे माग शोधा. तुळईवर हातोडीच्या दांड्यानं ठोका. आवाज पोकळ आला, तर पोखरलेली असण्याचा संशय धरा. नव्या रंगाखाली किंवा नव्या प्लायखाली काय आहे, ते विचारा आणि उत्तर लिहून घ्या. साठेखतात ही ओळ घालायला सांगा : ‘सदर मिळकतीस वाळवीचा उपद्रव नाही व विक्रेत्याच्या माहितीत तो पूर्वी झालेला नाही, तसे निष्पन्न झाल्यास दुरुस्तीचा संपूर्ण खर्च विक्रेता देईल.’ विकणारा ही ओळ घालायला नकार देत असेल, तर विसार देऊ नका.