देव बलवत्तर? मग कुस्ती कोणाशी?

प्रश्न असा आलाय: इमारत कोसळल्याच्या बातमीत "देव बलवत्तर म्हणून चिमुकला वाचला" असं ऐकलं, ते बरोबर की "दैव बलवत्तर"?

दैव. दैव, दैव, दैव! पाऊस सुरू झाला, दरडी आणि भिंती पडू लागल्या की दरवर्षी हा 'देव' बातम्यांत उगवतो. बलवत् अधिक तर, म्हणजे 'जास्त बलवान'. देव बलवत्तर म्हणायचं तर त्याची कुस्ती कोणाशी लावलीत तेही सांगा. दैव हा शब्द देवावरूनच आला हे खरं, पण अर्थाने तो कधीच वेगळा निघाला. हितोपदेशात सरळ व्याख्याच आहे, 'पूर्वजन्मकृतं कर्म तद्दैवमिति कथ्यते'. म्हणजे मागच्या जन्मी तुम्हीच करून ठेवलेलं. देवाचा संबंध नाही.

हे झालं. आता खरी गंमत.

आमचे एक शब्दशुद्धीवाले स्नेही आहेत. ते सांगत फिरतात, "नशीब नको, भाग्य म्हणा, नशीब परकं." परकं आहेच, अरबी आहे. (नशीब 'न + शिव' असं फोडणारे महाभागही भेटलेत, त्यांना लांबूनच नमस्कार.) पण नशीब म्हणजे मुळात वाटा. कुराणात वारसांच्या हिश्श्याबद्दल हाच शब्द येतो. किस्मतही तशीच, धात्वर्थ वाटणी. कोकणातल्या खोतीच्या कागदांतला 'तक्षीमदार', म्हणजे हिस्सेदार, हा तिचाच भाऊबंद. आणि स्नेह्यांचं लाडकं भाग्य? भज् म्हणजे वाटणे, त्यावरून भाग, त्यावरून भाग्य. पुन्हा वाटाच! एक वाटा टाकून दुसरा उचलला, यात शुद्धी कसली झाली?

या भज् चं गोत्र पाहा. वेदातला भग हा वाटे देणारा देव. भग म्हणजे ऐश्वर्यही, ते ज्याच्याकडे तो भगवान. भक्ती त्याच धातूची, मुळात वाटा घेणं, सहभागी होणं. म्हणजे भक्ती आणि भाग्य एकाच घरातले. आणि भक्त म्हणजे वाटून दिलेलं, वाढलेलं अन्न. संस्कृतात शिजवलेल्या तांदळाला भक्त म्हणत. प्राकृतात त्याचा झाला भत्त आणि आपल्या ताटात भात. भगवान, भक्त, भाग्य आणि भात एका पंगतीला! मी तर म्हणतो 'एवढ्यात भागतं' यातलं भागणंही याच घरचं. ज्याला जेवढा भाग, तेवढ्यात त्याचं भागलं. दमून-भागून येण्यातलं भागणं वेगळं, ते भग्नवरून, मोडण्यातलं. ही दोन्ही एकाच खुंटीला टांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. भाकरीलाही इकडेच ओढायचा मोह होतो, पण आवरतो.

आवरायला कठीण जातं त्याला कारण आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन उरकून लोक गाढ झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, सगळं झोपल्या अंगावर आलं. कुडाच्या झोपडीत किंवा बाहेर उघड्यावर झोपलेले बरेच वाचले. म्हणजे कोण वाचलं याचा काही हिशोब भिंतीच्या वजनात मांडता येतो. पण एकाच छपराखालच्या दोघांत एक गेला आणि एक राहिला, तिथे भिंतीचं गणित थांबतं. आणि तिथेच माणूस शब्द शोधतो.

त्या भागातल्या एका आजींना मी विचारलं होतं, तुम्ही कशा वाचलात. घरातली चौघं गेली, त्या तेवढ्या राहिल्या. मला वाटलं, देव म्हणतील, नाहीतर दैव. दोन्ही नाही. चुलीवरची भाकरी उलटत म्हणाल्या, "माझ्या वाटंचं दाणापाणी सरलं नव्हतं, म्हून ऱ्हायले."

ज्या बातमीवरून हा प्रश्न आला, ती देणाऱ्याला कोणीतरी कळवा: दैव. दोन मात्रा.