एक्सेल बाजूला ठेवा, आधी तुमच्याबद्दल बोलू

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं आणि सोबत पाठवलेली एक्सेल शीट पण नीट बघितली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मार्क चांगले आहेत, तिला पुढं एमएस्सी करायचंय. वडील, म्हणजे हे पत्र लिहिणारेच, बरेच महिने झाले दर रविवारी जॉब पोर्टलवर बसतात, वेगवेगळ्या क्षेत्रांची नावं टाकून जाहिराती किती, पगार किती लिहिलाय आणि अप्लाय किती जणांनी केलंय हे तीन कॉलममध्ये भरतात, त्यावरून क्षेत्रांचे नंबर लावतात आणि ती यादी फॅमिली ग्रुपवर टाकतात. आधी डेटा सायन्स पहिलं होतं, मग सायबर सिक्युरिटी, मग सेमीकंडक्टर, आता एआय. मायक्रोबायोलॉजी कायम तळाला. त्यांचं म्हणणं असं की मुलीनं बीएस्सी इथंच सोडावी आणि अडीच लाखांचा एआयचा ऑनलाइन कोर्स ईएमआयवर करावा. मुलगी हल्ली ताट घेऊन आतल्या खोलीत जाते, वडिलांशी बोलत नाही. आणि मला विचारलंय की देशाचा ट्रेंड बघता तिच्यासाठी कुठलं क्षेत्र पक्कं करावं.

मार्कांबद्दल, कोर्सबद्दल बोलूच. पण तुमच्या पत्रात मधेच एक ओळ आहे, तुम्ही ती लिहून लगेच परत आकड्यांकडे वळलात. मागच्या वर्षी कंपनीनं माणसं कमी केली त्यात तुमची नोकरी गेली, वय ५१, सध्या घरीच आहे, एवढंच. मी तिथंच अडकले. तुमच्या शीटमधला पहिला रविवार आणि नोकरी गेल्याची तारीख यात जेमतेम महिन्याचं अंतर आहे हो. म्हणजे तुम्ही आधी स्वतःसाठी पोर्टल उघडलं असणार, तिथं काय दिसतं, कसे अर्ज करून कुणी उत्तर पण देत नाही हे भोगलं असणार, आणि मग तीच भीती घेऊन मुलीसाठी शोधायला लागलात.

राग आला तरी चालेल पण स्पष्टच लिहिते. तुम्हाला स्वतःच्या नोकरीची जी धास्ती बसलीये तिचं उत्तर तुम्ही मुलीच्या ॲडमिशनमध्ये शोधताय, आणि ते तिथं मिळणार नाही. तिनं उद्या एआय घेतलं तरी पुढच्या रविवारी दुसरंच काहीतरी वर आलेलं असेल, परत तुमची झोप उडेल, परत ती चुकीच्या जागी आहे असं तुम्हाला वाटेल. दर आठवड्याला काका, आत्या, मावशी सगळ्यांसमोर आपलं शिक्षण यादीत शेवटचं आहे असं बापानं सांगणं, हे वीस वर्षांच्या मुलीला किती लागत असेल याचा विचार करा. ती भांडत नाही याचा अर्थ तिला पटलंय असा काढू नका. मला तरी असं वाटतं की घरात काय चाललंय ते तिला नीट कळतंय, आत्ता तुम्हाला उलट बोलून दुखवायचं नाहीये म्हणून ती उठून आत जाते. ग्रुपवरची यादी आजपासून बंद करा. हा सल्ला नाही, विनंती समजा, पण कराच.

आता शीट. तुम्ही मेहनत केलीये, प्रामाणिकपणे केलीये, म्हणून त्यात नेमकं काय मोजलं गेलं ते सांगते. पहिल्या कॉलमात तुम्ही "देशातल्या जागा" असं लिहिलंय, त्या जागा नाहीयेत, त्या जाहिराती आहेत. एकच पोस्ट कंपनी टाकते आणि तीच चार कन्सल्टन्सीवाले पण टाकतात, भरलेली जागा आठवडेच्या आठवडे तशीच दिसत राहते, काही जाहिराती तर नुसत्या सीव्ही गोळा करायला असतात. अमेरिकेत सरकार २००० सालापासून दर महिन्याला आस्थापनांना थेट विचारतं की तुमच्याकडे रिकाम्या जागा किती, त्या सर्वेक्षणाला जोल्ट्स म्हणतात. आपल्याकडे दर महिन्याला बातम्यांत नोकरभरती वाढली किंवा घटली म्हणून जे येतं ते बहुतेक वेळा पोर्टलचं असतं, उदाहरणार्थ नोकरी डॉट कॉमचा जॉबस्पीक निर्देशांक. तो जुलै २००८ ला १००० धरून त्यांच्या साइटवरच्या जाहिरातींवरून काढतात आणि त्यात कॅम्पस प्लेसमेंट येत नाही, गिगची कामं येत नाहीत. वाईट आकडा आहे असं मी म्हणत नाहीये, वारा कुठल्या बाजूनं वाहतोय ते कळतं, पण तो वारा त्या महिन्याचा असतो.

आणि मायक्रोबायोलॉजी तळाला का? तुम्ही सर्चमध्ये "मायक्रोबायोलॉजी" असं टाकलंत म्हणून! औषध कंपन्या त्यांच्या जाहिरातीत क्यूसी (म्हणजे गुणवत्ता तपासणी) ॲनालिस्ट लिहितात, स्टरिलिटी टेस्टिंग म्हणजे औषध जंतूविरहित आहे का ते तपासणं, तसं लिहितात, एन्व्हायर्नमेंटल मॉनिटरिंग म्हणजे प्लांटमधल्या हवेतले जंतू तपासणं, तसं लिहितात. इंजेक्शन किंवा डोळ्याचे ड्रॉप्स बनवणारा प्लांट मायक्रोबायोलॉजिस्टशिवाय चालूच शकत नाही, पण ती जागा तुमच्या सर्चमध्ये येणारच नाही. अन्न तपासणीच्या लॅब, पाणी तपासणी, डेअरी, हॉस्पिटलची लॅब, क्लिनिकल रिसर्च, सगळीकडे तेच, नाव वेगळं असतं.

पगाराच्या कॉलमबद्दल थोडक्यात. ज्या जाहिरातीत पगार लिहिलाय फक्त त्यांचीच सरासरी तुम्ही काढलीत, आणि बऱ्याच जाहिरातींत तो लिहिलेलाच नसतो. जिथं लिहिलाय तिथं सीटीसी असतं, म्हणजे कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल, कधी जॉइनिंग बोनस पण धरून. तुम्ही इतकी वर्षं नोकरी केलीत, हातात किती पडतं ते तुम्हाला मी काय सांगणार. कॉलेजांच्या "हायेस्ट पॅकेज"च्या बोर्डाकडे तर बघूच नका, तो एका पोराचा आकडा असतो. एनआयआरएफ म्हणजे सरकारचं कॉलेजांचं रँकिंग, त्याला कॉलेज जी माहिती देतं त्यात किती मुलं प्लेस झाली आणि त्यांचा मीडियन पगार, म्हणजे अगदी मधल्या मुलाचा पगार, किती हे असतं, ते बघा, साइटवर मिळतं.

आता तिसरा कॉलम, स्पर्धा. तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज इथं आहे आणि असंख्य पालकांचा असतो. अर्ज भागिले जागा केलं की आपल्या मुलाचा चान्स निघतो असं तुम्ही धरलंय. अहो, २०२४ च्या यूपीएससी पूर्व परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले, प्रत्यक्ष पेपरला बसले ५,८३,२१३, म्हणजे चार लाखांहून जास्त लोक आलेच नाहीत, आणि शेवटी निवड झाली १,००९ जणांची. स्पर्धा प्रचंड आहे यात वादच नाही, पण दहा लाखांशी नाही, आणि जे बसले त्यातही किती जण खरं तयारीनं बसले हा प्रश्न आहेच. २०१४ ते २०२२ या काळात केंद्राच्या नोकऱ्यांसाठी २२ कोटींवर अर्ज आले आणि साधारण ७ लाख २२ हजार जणांची शिफारस झाली, असं सरकारनं लोकसभेत सांगितलं होतं. तुम्ही पण हा आकडा पत्रात दिलाय. पण २२ कोटी अर्ज म्हणजे २२ कोटी माणसं नाहीत, एकच मुलगा रेल्वेचा भरतो, एसएससीचा भरतो, वर्षानुवर्षं भरत राहतो, दर वेळी मोजला जातो. प्रायव्हेटमध्ये तर अप्लाय करायला एक बटण लागतं, पात्र असो नसो लोक दाबतात. म्हणून अर्ज किती आले यापेक्षा त्या जागेच्या दारातून आत कोण येऊ शकतो ते बघायला हवं. स्टरिलिटी टेस्टिंगच्या जागेला मायक्रोबायोलॉजी शिकलेलाच माणूस लागतो, तिथं गर्दी आधीच गाळलेली असते. "कुठलाही ग्रॅज्युएट, एआयचं सर्टिफिकेट" अशा जागेला अख्खा देश रांगेत उभा राहू शकतो आणि राहतोय, कारण तुम्ही जी हेडलाइन वाचता तीच बाकीचे पालक पण वाचतात. तुमच्या शीटमध्ये जे क्षेत्र पहिलं येतं तिथं सगळ्यात जास्त गर्दी व्हायला सुरुवात झालेली असते.

शिवाय मधे वर्षं जातात हो. २०२१-२२ मध्ये आयटीवाल्यांनी फ्रेशर्सना अक्षरशः ओढून नेलं, ते बघून किती घरांत कॉम्प्युटर म्हणजे कॉम्प्युटरच असं ठरलं. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून माणसं जवळपास ६४ हजारांनी कमी झाली. २०२१ ला ॲडमिशन घेतलेली पोरं तेव्हा कॉलेजातच होती. त्यांनी काय चुकीचं केलं होतं? काहीच नाही, जाहिराती बघून ठरवलं एवढंच.

"२९ टक्के पदवीधर बेकार" हे पण तुम्ही लाल रंगात लिहिलंय. तो आकडा आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि आयएचडी या दिल्लीच्या संशोधन संस्थेच्या २०२४ च्या अहवालातला आहे, २०२२ चा, फक्त तरुण पदवीधरांचा. त्याच अहवालात लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेकारी ३.४ टक्के आहे. मग काय पोरांना शाळेतून काढायचं? ज्याच्या घरी आज चूल पेटायचीये तो मिळेल ते काम करतो म्हणून तो बेकारांत मोजलाच जात नाही, पदवीवाला थोडा थांबून शोधू शकतो. आणि हे तरुणांचं आहे. सरकारच्या पीएलएफएस या रोजगाराच्या सर्वेक्षणात २०२३-२४ ला १५ ते २९ वयात बेकारी १०.२ टक्के होती, सगळ्यांची मिळून ३.२. सुरुवातीची वर्षं अवघड आहेत हे खरंय, मी ते लपवणार नाही. पण त्यावर उपाय म्हणून अर्धी झालेली पदवी सोडणं हे मला अजिबात पटत नाही.

तर कोर्सबद्दल माझं मत, नका घेऊ. ईएमआय म्हणतात ते बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, कोर्स आवडला नाही, मधे सोडला, तरी हप्ते चालूच. "प्लेसमेंट गॅरंटी"च्या अटी लेखी मागून बघा, मग कळेल. आणि घरात सध्या पगार येत नसताना अडीच लाखांचं कर्ज मुलीच्या नावावर? नको. तिला कॉम्प्युटरचं शिकायचं असेल तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर पायथन, डेटा, बायोस्टॅटिस्टिक्स सगळं फुकट शिकता येतं, फक्त परीक्षा द्यायची तर थोडी फी. बीएस्सीच्या सुट्ट्यांत होईल. लॅबचं काम येणाऱ्या मुलीला डेटा पण हाताळता आला तर उपयोग होतोच, पण आधी लॅब.

एमएस्सीसाठी जॅम, गॅट-बी, सीयूईटी पीजी आणि विद्यापीठांच्या आपापल्या प्रवेश परीक्षा आहेत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल. मी तिला एवढंच सांगेन की तिसऱ्या वर्षाच्या आधीच्या सुट्टीत एखाद्या क्यूसी लॅबमध्ये किंवा अन्न तपासणीच्या लॅबमध्ये महिनाभर इंटर्नशिप कर, स्टायपेंड मिळो न मिळो. या क्षेत्रात पहिला पगार कमी असतो, शिफ्ट असतात, दिवस दिवस गाऊन घालून क्लीनरूममध्ये उभं राहावं लागतं. ते बघून पण एमएस्सी करावंसं वाटलं तर निर्णय झाला. नाही वाटलं तर तो पण तिचाच निर्णय, आणि तो तिनं स्वतः बघून घेतलेला असेल.

आता तुमचं. मला खरं मार्गदर्शन तुम्हाला करायचंय. ५१ व्या वर्षी पोर्टलच्या जाहिरातींतून नोकरी शोधणं हा सगळ्यात खडतर रस्ता आहे, त्या जाहिराती मुख्यतः तरुण, कमी अनुभवाच्या लोकांसाठी लिहिलेल्या असतात, तिथून उत्तर येत नाही म्हणून तुमची किंमत संपली असं धरून बसू नका. तुम्ही २६ वर्षं परचेसमध्ये काढलीत असं लिहिलंय. म्हणजे किती व्हेंडर तुम्हाला नावानं ओळखत असतील! त्यातल्या छोट्या कंपन्यांना पूर्ण वेळचा परचेस मॅनेजर परवडत नाही पण आठवड्याचे दोन-तीन दिवस येणारा, रेट ठरवून देणारा, स्टॉक शिस्तीत लावून देणारा माणूस हवा असतो. हे काम जाहिरातीत कधीच दिसणार नाही, फोन करून विचारावं लागेल. फोन करायला लाज वाटत असेल, वाटतेच, पण दोन-तीन फोन झाले की कमी होते. पहिल्यांदा पगार आधीपेक्षा कमी सांगतील, महिन्याच्या ठरावीक रकमेवर तीन-चार महिन्यांचं काम मिळत असेल तर घ्या. आणि आरोग्य विमा कंपनीचा होता का? नोकरीबरोबर तो गेला असेल आणि अजून दुसरा काढला नसेल तर या आठवड्यात तेच पहिलं काम करा, कोर्सच्या हप्त्यापेक्षा ते जरुरीचं आहे.

मुलीला एकदा बसवून सांगा की मला माझ्या नोकरीची भीती वाटत होती म्हणून मी तुझ्या मागं लागलो होतो. एवढं एक वाक्य पुरे, लांबण लावू नका. आणि पुढच्या वेळी मला तुमचा सीव्ही पाठवा, सोबत ज्या व्हेंडर कंपन्यांशी तुमचं चांगलं होतं त्यांची यादी पण करा, कुणाला आधी फोन करायचा ते आपण मिळून ठरवू.